गाठीची खिडकी

वहीतली पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे:
एर्सिरा नाउएल्किन. एक छाप विकला.
त्यातून लाकडी कौलं, अकरा.
बाराव्याला थोडे पैसे कमी पडत होते,
ते मी माझ्या खिशातून घातले नाहीत.
हिशेब म्हणजे हिशेब.

चिलोए बेटावरच्या आमच्या खाडीत
चर्च समुद्राकडे तोंड करून उभं.
पाद्री महिन्यातून एकदा होडीने येतो,
वारा रोज येतो,
आणि वारा कधी रिकाम्या हाताने परत जात नाही.

गळालेली कौलं आम्ही चुलीत घालायचो.
शंभर वर्षं सुकलेलं आलेर्से, लगेच पेट घेतं.
एकदा एर्सिराने माझ्या टोपलीतून एक उचललं,
अंगठा फिरवला त्यावरून.
मऊ भाग वाऱ्याने खाल्लेला, कठीण शिरा वर आलेल्या.
"हे अर्धं कोरलेलंच आहे," म्हणाली,
"उरलेलं मी कोरते."

मग तिने चर्चच्याच सालीवर चर्च कोरलं.
धुरांड्यातली काजळी, जवसाचं तेल,
कागदावर घासायला सुपाच्या चमच्याची पाठ.
छाप निघाला तर बाजूचं दार भलतीकडेच.
रोसामेल सुतार हसला, "डावखुरं केलंस की गं आमचं चर्च!"
ती म्हणाली, "आरसा आण."
त्याने आणला नाही.

उन्हाळ्यात फेरीवर छाप विकले जायचे.
पुएर्तो मोंतच्या दातांच्या डॉक्टरने चार घेतले.
एक बाई चित्रासमोर खूप रडली, घेतलं काहीच नाही.
एका खलाशाने पैशांऐवजी सुक्या शिंपल्या दिल्या.
लिहिलंय मी: शिंपल्या, दोन माळा. कौलं, शून्य.
त्या आम्ही खाल्ल्या.

छपराचा दक्षिणेकडचा उतार असाच भरत आणला होता
तेवढ्यात ऑगस्टमधल्या एका रात्री
उत्तरेची भिंत खाली बसली.
आवाज असा काही झाला नाही,
थकलेलं माणूस बाकावर बसतं तशी.

नकाशा कुणाकडेच नव्हता.
बांधणाऱ्यांनी मापं आपल्या हातांत ठेवली होती
आणि हात घेऊन ते कधीच गेले.
बिशपच्या कचेरीत एक फोटो सापडला, लग्नाचा,
त्यात नवऱ्याची टोपी नेमकी भिंतीच्या आड. नाही,
भिंतच टोपीच्या आड.

पहाटे रोसामेल एर्सिराच्या दारात,
काखेत बायकोचा आरसा.
छापासमोर धरला, आणि चर्च सरळ झालं.
खिळ्याच्या टोकाने तो ओळी मोजू लागला:
कौलांच्या ओळी त्रेचाळीस. खिडक्या पाच.

"चार," मी म्हटलं.
"पाच," तो म्हणाला. "ही बघ."
आम्ही दोघं तिच्याकडे वळलो.
ती नखांतली काजळी काढत राहिली बराच वेळ.
"तिथे गाठ होती लाकडात.
सुरी जाईना. मग मी तिथे
खिडकी सोडून दिली."

आता काय? पाद्री यायला अठरा दिवस.
म्हाताऱ्या म्हणाल्या चार, पोरं म्हणाली पाच,
आणि आम्ही सगळे त्या काळ्या, झिजल्या फळीकडे बघत राहिलो.
शेवटी कौलानेच कौल दिला म्हणायचं.
रोसामेलने पाचवी केली. मुठीएवढी.
कारण विचारलं तर म्हणाला,
"लाकूड तिथे अडलं होतं ना? मग."

पुढच्या वर्षी तपासणीला सान्तियागोहून बाई आल्या,
गुडघाभर बूट, गळ्यात मोजपट्टी.
सगळं नीट पाहिलं, खुंट्या ठोकून पाहिल्या,
खिळा कुठे नाही म्हणून खूश झाल्या.
मग त्या लहान खिडकीखाली थांबल्या.
"ही मुळातली का?"

रोसामेल छपराकडे बघू लागला.
एर्सिरा कुठे गेली कोण जाणे.
मी वही उघडली.
दोनच रकाने आहेत तिच्यात, जुनं आणि नवं,
आखलेही मीच.
खिडकीतून आलेला उजेड
नेमका मधल्या रेघेवर पडलेला.

पेन चालत नाही, असं मी सांगितलं.